खाजेची बेरीज

कुत्र्यांच्या त्वचेच्या तक्रारी तपासण्यात ज्याची बरीच वर्षं गेली आहेत, त्याला एक प्रश्न जवळजवळ रोज ऐकावा लागतो : ‘डॉक्टर, याला नेमकी कशाची ॲलर्जी आहे?’ प्रश्न वाजवी आहे. विचारणाऱ्याला उत्तरात एकच नाव हवं असतं. चिकन, गवत, नवा शाम्पू किंवा जिन्यात मारलेलं फिनेल. नाव कळलं की ती गोष्ट बंद करायची आणि कुत्रा मोकळा. या व्यवसायाने मला काही शिकवलं असेल तर ते हे की बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत असं एकनामी उत्तर नसतं, आणि ते शोधत बसण्यातच कुत्र्याची उमेदीची दोन-तीन वर्षं अंग ओरबाडण्यात जातात. खाज ही बेरीज असते. घरातल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, एखाद-दुसरी पिसू, कानात माजलेली यीस्ट, बोटांच्या बेचक्यातले जिवाणू, ताटातलं एखादं प्रथिन, अशा सगळ्यांचा वाटा मिळून जो आकडा होतो, तो सहनशक्तीपलीकडे गेला की कुत्रा पाय चावायला लागतो. उपचार म्हणजे त्या बेरजेतून जमेल ते, ठरावीक क्रमाने, वजा करत जाणं. एवढीच गोष्ट मला सांगायची आहे. ती ऐकायला सोपी आहे, पण पटायला फार वेळ घेते.

पटत नाही त्याचं कारण या हिशेबातच आहे. समजा, एखाद्या कुत्र्याची सहन करण्याची मर्यादा सहा आहे. धुळीतल्या किड्यांचे चार, पिसवांचे तीन, यीस्टचे तीन आणि अन्नाचे दोन मिळून बारा झाले. हे आकडे केवळ समजण्यापुरते. खाज मोजायचं असं यंत्र नाही. घरच्यांनी कुठेतरी वाचून चिकन बंद केलं. बाराचे दहा झाले, तरी कुत्रा खाजवतोच आहे. निष्कर्ष निघतो : अन्नाचा काही संबंध नाही. चिकन परत सुरू. पुढच्या महिन्यात पिसवांचं औषध लावलं, बाराचे नऊ झाले, कुत्रा खाजवतोच. म्हणजे पिसवांचाही दोष नाही. असे सगळे आरोपी एकेक करून निर्दोष सुटतात आणि घरचे म्हणतात, आम्ही सगळं करून पाहिलं. त्यांनी खरोखरच सगळं केलेलं असतं, पण एका वेळी एक, आणि आधीचं सोडून देऊन. याच्या उलट चूकही तितकीच होते. बेरीज सातवर असताना शाम्पू बदलला, यीस्ट थोडी कमी झाली, आकडा सहाच्या आत आला आणि कुत्रा शांत झोपला. मग सगळं श्रेय त्या शाम्पूला आणि तो सोसायटीतल्या प्रत्येक खाजणाऱ्या कुत्र्याला सुचवला जातो. दोन्ही निष्कर्ष प्रामाणिक निरीक्षणावर उभे असतात आणि दोन्ही चुकीचे असतात.

या बेरजेतली एक रक्कम जन्मतःच मांडलेली असते. ॲटोपी, म्हणजे परागकण, धूळ, बुरशीचे कण अशा निरुपद्रवी गोष्टींवर शरीराने चवताळून उठण्याची प्रवृत्ती, रक्तातून येते आणि बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत डोकं वर काढते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, जर्मन शेफर्ड, शिट्झू, बॉक्सर यांच्यात ती वरचेवर दिसते. अशा कुत्र्याची त्वचाच मुळात गळकी असते. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे थर माणसापेक्षा कितीतरी कमी; त्यात या कुत्र्यांत पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांची बांधणीही सैल, त्यामुळे ॲलर्जी आणणारे कण त्वचेतूनच आत शिरतात. पंजे, काखा, जांघा, पोट, तोंडाभोवतीचा भाग आणि कान आधी पेटतात ते म्हणूनच; जिथे केस विरळ आणि जमिनीशी किंवा घडीशी संबंध जास्त, तिथे. मुंबईत, कोकणात हे चित्र आषाढ-श्रावणात एकदम बिघडतं आणि दोष त्या आठवड्यात जे काही नवीन झालं असेल त्याला मिळतो. प्रत्यक्षात पावसाने एकाच वेळी चार रकमा वाढवलेल्या असतात. हवेतल्या ओलाव्यावर धुळीतले किडे पोसतात, पंजे दिवसभर ओले राहून यीस्टला जागा मिळते, पिसवा-गोचिडांना ऊब आणि दमटपणा दोन्ही मिळतात, आणि फिरणं कमी झाल्याने कुत्रा त्याच गादीवर पडून राहतो. पुण्याकडे पावसानंतर गाजरगवताला बोल लावायची रीत आहे. हे तण भारतात १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि माणसांच्या त्वचेला ते छळतं हे सिद्ध आहे, त्यामुळे कुत्र्याच्या बाबतीतही संशय घेणं गैर नाही. पण गाजरगवत नसलेल्या बाराव्या मजल्यावरचा कुत्राही त्याच महिन्यात खाजवतो, हे विसरलं जातं.

पहिली वजाबाकी परजीवींची. तीच सर्वांत जास्त नाकारली जाते. ‘आमच्याकडे एकही पिसू नाही’ हे वाक्य दुखावलेल्या सुरात येतं, कारण पिसवा म्हणजे अस्वच्छ घर असा आपला समज. वस्तुस्थिती अशी की पिसवांची ॲलर्जी ही त्यांच्या लाळेची असते. अशा कुत्र्याला दोन-चार चावे पुरतात आणि खाजेने बेजार झालेला कुत्रा दातांनी वेचून त्या पिसवा गिळूनही टाकतो. म्हणजे ज्याला ही ॲलर्जी सर्वांत तीव्र, त्याच्याच अंगावर पिसू सापडण्याची शक्यता सर्वांत कमी. ती सापडली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. खूण वेगळीकडे असते : कंबरेवर आणि शेपटीच्या मुळाशी केस तुटलेले, कातडी जाड आणि काळवंडलेली. तिथले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले आणि तांबूस डाग उमटले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शिवाय अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण गोतावळ्याचे जेमतेम पाच टक्के. बाकीचे अंडी, अळ्या आणि कोश या रूपात सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली, गाडीच्या मागच्या सीटवर असतात. कोश महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून एकदा औषध लावून ‘करून पाहिलं’ म्हणण्याला अर्थ नाही. घरातली सगळी कुत्री-मांजरं, सलग तीन महिने तरी, आणि सोबत गादीची खोळ गरम पाण्यात. २०१३-१४ पासून बाजारात आलेल्या आयसोक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्यांनी हे काम पुष्कळ सोपं केलं आहे. ज्या कुत्र्याला आकडी येते त्याला मात्र त्या जपूनच द्याव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिलेला आहे.

या गोळ्यांचा आणखी एक फायदा असा की त्या खरजेच्या किड्यालाही मारतात, आणि खरूज ही ॲलर्जीचं सोंग घेण्यात पटाईत आहे. कानाच्या कडा आणि कोपरं कोंड्याने भरलेली, खाज भयंकर, आणि घरातल्या एखाद्याच्या हातावर किंवा पोटावर लाल पुरळ, एवढं जुळलं तर त्वचा खरवडून पाहिल्यावर किडा दिसला नाही तरी खरजेचे उपचार करून पाहणंच शहाणपणाचं. खरवडीत तो बऱ्याचदा सापडत नाही. झुरिकच्या क्लोद फाव्ह्रो यांनी २०१० साली ॲटोपी ओळखायचे जे निकष मांडले, त्यांत तीन वर्षांच्या आत सुरुवात, मुख्यतः घरात वावर, पुढचे पंजे आणि कानाच्या पाळ्या बाधित असणं हे आहेच. पण कानाच्या कडा आणि कंबर मोकळी असणं हेही आहे, कारण बाधित कडा खरजेकडे बोट दाखवतात आणि बाधित कंबर पिसवांकडे. आठातले पाच निकष जुळले तरी चुकीला जागा उरतेच, म्हणून परजीवी आधी वजा करायचे. गावाकडे यासाठी गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचण्याची पद्धत आहे. कॉलीच्या रक्ताच्या काही कुत्र्यांत एका जनुकाच्या बिघाडामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा दगावू शकतो. संकरित कुत्र्याच्या चेहऱ्यावरून त्याचे पणजोबा कोण हे कळत नाही.

दुसरी वजाबाकी संसर्गाची. ॲलर्जीने सुजलेल्या ओलसर त्वचेवर मॅलॅसिझिया नावाची यीस्ट आणि स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू बोकाळतात, आणि मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. अंगाला कुबट वास, कानात तपकिरी मळ, बोटांमधले केस लाळेने तांबूस, काखेत हत्तीच्या कातड्यासारखा राठपणा. हे दिसत असताना कुत्र्याला केवळ ॲलर्जीची गोळी देणं म्हणजे अर्धी बेरीज तशीच ठेवणं. चिकटपट्टी त्वचेवर दाबून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला दहा मिनिटं लागतात आणि ती तपासणी फारशी महागही नाही. तरी ती टाळली जाते आणि अँटिबायोटिक लिहून दिलं जातं, पाच दिवस दिलं जातं, बरं वाटलं की थांबवलं जातं, महिन्याने तेच पुन्हा. या चक्रातून नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. वरवरच्या संसर्गाला आता क्लोरहेक्सिडिनसारख्या औषधी शाम्पूनेच सुरुवात करावी असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. यावर हमखास येणारा आक्षेप : वारंवार अंघोळीने कातडी कोरडी पडते. माणसाच्या साबणाने पडते, हे खरं. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता माणसाहून वेगळी आहे. पण योग्य शाम्पूने आठवड्यातून दोनदा घातलेली अंघोळ संसर्गाबरोबर अंगावर बसलेले परागकण आणि धूळही धुऊन नेते. अट दोनच. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे (घड्याळ लावून, अंदाजाची दहा मिनिटं तीन मिनिटांत संपतात), आणि नंतर आतली लव कोरडी झाली पाहिजे. दाट केसांचा लॅब्रॅडॉर अर्धवट ओला सोडला की गालावर किंवा मांडीवर एका रात्रीत चिघळणारं हॉट स्पॉट उठतं, आणि मग सगळे शाम्पूला शिव्या देतात.

अन्नाबद्दल जितकं बोललं जातं तितका त्याचा वाटा नसतो, आणि जिथे असतो तिथे तो शोधण्याची रीत कुणी पाळत नाही. २०१६ साली म्यूलर, ऑलिव्हरी आणि प्रेलो या संशोधकांनी अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या. गोमांस ३४ टक्के, दूधदुभतं १७, चिकन १५, गहू १३. ही यादी आपल्याकडे जशीच्या तशी उचलणं बरोबर नाही, कारण ती एका अर्थी तिकडची कुत्री काय खातात याची यादी आहे. ॲलर्जी व्हायला ते प्रथिन वारंवार पोटात जावं लागतं. आपल्या घरातला कुत्रा दूध-पोळी, दहीभात आणि चिकन-भात यांवर वाढतो. म्हणून इथे संशय घ्यायचा तर तो या रोजच्या ताटावर, आणि फक्त चिकनवर नव्हे. चिकन बंद करून दूध-पोळी आणि चहाबरोबरचं बिस्किट चालू ठेवणारी घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. कसोटी अशी : कुत्र्याने आयुष्यात न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ निवडायचा, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य आणायचं, आणि आठ आठवडे त्याखेरीज काही द्यायचं नाही. अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या मुदतीत सुधारतात. कुत्र्याने न खाल्लेलं काय, हे मात्र घराघरावर अवलंबून आहे. रत्नागिरीतल्या कुत्र्याला मासे नवीन नाहीत, शाकाहारी घरातल्या कुत्र्याला ते नवीन असतील. रताळं आणि राजमा पुष्कळांना चालून जातात. पण दोन महिन्यांच्या वर न्यायचं असेल किंवा पिल्लू वाढीचं असेल तर क्षार-जीवनसत्त्वांचा हिशेब पशुवैद्याकडून करून घ्यायलाच हवा.

आठ आठवडे पुरे होणं ही मात्र खरी परीक्षा. कसोटी मोडते ती स्वयंपाकघराच्या दाराशी. आजी पोळीचा शेवटचा घास देते, कारण तिच्या लेखी उपाशी नजरेने बघणाऱ्या जिवाला नाही म्हणणं पाप आहे. वॉचमन बिस्किट देतो, तान्ह्या मुलाच्या खुर्चीखाली सांडतं, मांजराची ताटली चाटली जाते, गोळी पेढ्यात घालून दिली जाते, जंताचं औषध मांसाच्या वासाचं असतं, गणपतीत पाहुण्याच्या हातचा मोदक चुकत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. म्हणूनच कुत्र्याला घेऊन येणाऱ्या एका माणसाला समजावून उपयोग होत नाही. जो खाऊ घालतो त्याला समजवावं लागतं, आणि तो दवाखान्यात क्वचितच येतो. त्याला बंदी न सांगता पर्याय द्यावा : उकडलेल्या रताळ्याच्या फोडी त्याच्याच डब्यात ठेवाव्यात, म्हणजे देण्याचं सुख जात नाही. शेवटची पायरी याहून अवघड. कुत्रा सुधारला तर जुनं अन्न मुद्दाम परत द्यायचं आणि पंधरा दिवसांत खाज उलटते का पाहायचं. उलटली तरच अन्नाचा दोष सिद्ध. बरा झालेला कुत्रा पुन्हा खाजवायला लावणं कुणालाच नको असतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण मग पावसाळा संपल्याने आलेला आराम आयुष्यभर रताळ्याच्या नावावर जमा राहतो.

इथे शंका येते की एवढा खटाटोप कशाला, रक्ताची तपासणी करून यादी मिळते ना? मिळते, छापील आणि रंगीत. अन्नाच्या बाबतीत ती भरवशाची नाही. मुळीच ॲलर्जी नसलेल्या कुत्र्यांच्या रक्तातही अशा तपासण्या डझनभर पदार्थ दाखवतात, आणि केस किंवा लाळ पाठवून होणाऱ्या तपासण्यांची गत याहून वाईट आहे. धुळीतले किडे आणि परागकण यांची रक्ततपासणी किंवा त्वचेत टोचून केलेली चाचणी उपयोगी पडते, पण निदानासाठी नव्हे. निदान लक्षणांवरून आणि बाकीचं वजा करून झालं, की इम्युनोथेरपीत कोणते घटक घालायचे हे ठरवायला ती लागते. त्या घटकांचे वाढते डोस महिनोन्‌महिने देऊन शरीराला त्यांची सवय लावण्याचा हा उपाय साधारण दोन तृतीयांश कुत्र्यांत चांगला परिणाम देतो आणि मुळाशी जाणारा तोच एक आहे. मात्र वर्षभर वाट पाहायची तयारी हवी. ती तयारी असलेल्या कुटुंबांना तो सुचवलाच जात नाही, ही आमच्या धंद्याविषयीची माझी जुनी तक्रार आहे.

सर्वांत जोरकस आक्षेप स्टिरॉइडचा. एका इंजेक्शनात चोवीस तासांत खाज थांबते, खर्चही कमी. मग ही लांबलचक वजाबाकी कशासाठी? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. रक्त येईपर्यंत स्वतःला फाडणाऱ्या कुत्र्याला आठ आठवड्यांची तत्त्वं सांगणं निर्दयपणा होईल. त्याला आजच आराम हवा, आणि थोड्या दिवसांसाठी, उतरत्या मात्रेने दिलेलं प्रेडनिसोलोन हे चांगलं औषध आहे. वाद आहे तो महिनाभर अंगात मुरणाऱ्या डेपो इंजेक्शनशी. ते एकदा दिलं की काढून घेता येत नाही. कुत्रा पाणी ढोसतो, घरात लघवी करतो, सुटतो. वर्षानुवर्षं चाललं तर कातडी पातळ, पोट लोंबतं, मधुमेहाची शक्यता वाढते. शिवाय आपल्याकडे गोचीडतापाचे एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू अनेक कुत्र्यांत दबा धरून असतात, आणि प्रतिकारशक्ती दाबली की ते उठतात. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे : स्टिरॉइड सगळ्या रकमा एकदम झाकतं, त्यामुळे कोणती किती होती हे कधीच कळत नाही, आणि इंजेक्शन उतरलं की पूर्ण बेरीज व्याजासह परत येते. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओक्लासिटिनिब आणि त्यानंतर आलेलं, खाजेचा निरोप पोचवणाऱ्या इंटरल्यूकिन-३१ ला अडवणारं लोकिव्हेटमॅब यांनी परिस्थिती खूप सुधारली. ओक्लासिटिनिब काही तासांत काम करतं आणि दुष्परिणाम पुष्कळ कमी. वर्षाच्या आतल्या पिल्लाला आणि गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्याला मात्र ते द्यायचं नसतं. ही औषधंही झाकणारीच आहेत. फरक असा की त्यांच्या आडोशाने बाकीची वजाबाकी शांतपणे करता येते आणि ती झाली की गोळीची मात्रा कमी होते. ज्या घरी गोळी कमी करता आलेली नाही, तिथे बहुधा पिसवांचं औषध पावसाळ्यानंतर थांबलेलं असतं.

‘रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे असली नखरेल दुखणी होतात?’ हा शेरा बहुधा घरातले वडीलधारे मारतात, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. लूत लागलेली कुत्री आपण रोज पाहतो, म्हणजे त्वचारोग तिथे आहेतच. ॲटोपी मात्र कमी दिसते. अंशतः ती पाहायला कुणी थांबत नाही म्हणून, आणि अंशतः जनुकांमुळे. हौसेच्या जातींसारखी मोजक्या कुत्र्यांतून झालेली पैदास तिथे नाही. पण तिसरं कारण विचार करण्याजोगं आहे. फिनलंडमध्ये पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासांत शहरी वातावरणातल्या कुत्र्यांत ॲलर्जी अधिक आणि माती-झाडांत वाढलेल्यांत कमी आढळली. पिल्लूपणी नाना तऱ्हेच्या जिवाणूंशी ओळख झालेली त्वचा पुढे कमी बिथरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. यावरून मोठ्या झालेल्या, आधीच खाजणाऱ्या कुत्र्याला उकिरड्यावर सोडून काही मिळणार नाही. मिळाले तर गोचीडच मिळतील.

घरगुती उपायांना मी सरसकट विरोध करत नाही. कडुनिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी शेवटी अंगावरून सोडलं तर बिघडत नाही, खोबरेल तेलाचं बोट कोरड्या नाकाला लावलं तर काही होत नाही. पण अख्ख्या अंगाला तेल चोपडणं म्हणजे स्निग्धावर पोसणाऱ्या यीस्टला जेवण वाढणं. करंज तेलात कापूर, रॉकेल, गॅरेजमधलं जळकं ऑइल हे उपाय लुतीवर आजही होतात. कुत्रा ते सगळं चाटून पोटात घेतो आणि यकृत-मूत्रपिंडावर जे होतं ते त्वचेवर दिसत नाही. मेडिकलमधून आणलेलं माणसांचं तीन-चार औषधांचं मिश्र मलम याच जातीचं. त्यातलं तीव्र स्टिरॉइड चाटलं जातं, आणि बुरशी मेल्यासारखी वाटून दबते. अशा स्टिरॉइडयुक्त मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला केंद्राने २०१८ मध्ये बंदी घातली, पण काउंटरवर अजून कोणी चिठ्ठी मागत नाही. ॲलर्जी म्हणून स्वतःची सिट्रिझिनची गोळी कुत्र्याला देणारे बरेच असतात. त्याने सहसा अपाय होत नाही, पण कुत्र्याच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा फार थोडा, त्यामुळे फायदाही तेवढाच.

राहता राहिला पैसा. हे सगळं परवडत नाही, असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण वजाबाकीची गंमत अशी की तिच्यातल्या स्वस्त गोष्टी आधी येतात : पिसवांचं औषध, चिकटपट्टीची तपासणी, शाम्पू, खोळ उकळणं, बिस्किट बंद. फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांमध्ये कोरडं पुसणं फुकट आहे आणि अनेक महागड्या गोळ्यांच्या बरोबरीने मोजण्यासारखं आहे. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कॅलेंडर. शून्य म्हणजे अजिबात खाज नाही आणि दहा म्हणजे जेवण-झोप सोडून खाजवणं, असा रोज रात्री एक आकडा आणि त्या दिवशी काय नवीन केलं ते दोन शब्दांत. आठवण फसवते, गेल्या आठवड्याची खाज नेहमी आजच्यापेक्षा कमी वाटते. लिहिलेले आकडे असले की आठाचे पाच झालेले दिसतात, नाहीतर ‘काही फरक नाही’ म्हणून चालू असलेला योग्य उपाय बंद होतो. आणि चार हा आकडा रोजचा होऊन बसला तर तोही मान्य करावा लागतो. शून्याचा हट्ट धरणाऱ्या घरात स्टिरॉइड कधीच सुटत नाही.

जन्मतः मांडलेली ती पहिली रक्कम मात्र यातल्या कशानेच वजा होत नाही. ती पैदाशीच्या वेळी मांडली जाते, आणि तिथे कुणी हिशेब मागत नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्राने २०१७ साली नियम केले. त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, नोंदी ठेवणं बंधनकारक आहे, आणि मादीचं वय दीड वर्ष झाल्याशिवाय तिची वीण घ्यायची नाही असंही आहे. पण ॲटोपी तीन वर्षांपर्यंत कधीही उघडी पडू शकते. म्हणजे नियम पाळूनही दीड वर्षाच्या, अजून न खाजवणाऱ्या आईची पिल्लं विकली जातात आणि तीन वर्षांनी आई आणि पिल्लं वेगवेगळ्या दवाखान्यांत पंजे चाटत बसलेली असतात. पिल्लू बघायला जाणाऱ्याने कागदपत्रांआधी आईला बाहेर आणायला सांगावं, ती चार वर्षांच्या पुढची असेल तर उत्तम. तिचे कान हुंगावेत, पुढचा पंजा उचलून बोटांमधल्या केसांचा रंग पाहावा, आणि गेल्या पावसाळ्यात तिला कोणती औषधं चालू होती हे विचारावं. पिल्लांचा बाप पाहुणा म्हणून आणलेला असतो, त्याच्याबद्दलही तेच विचारावं. विकणारा आई दाखवायला तयार नसेल तर दुसरीकडे जावं.